दप्तर, डिस्क आणि मधला दुवा



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते आम्हांला इतिहास शिकवीत. साधने जपा, असे ते वारंवार सांगत. साधन जपले म्हणजे इतिहास जपला जातोच असे नाही, हे मला मात्र फार उशिरा उमगले. आणि तेही एका जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमुळे.

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदकडे एखाद्या जुन्या मराठी घरातली ट्रंक उघडून पाहावी. शेताचे जुने कागद उर्दूत, देण्याघेण्याच्या वह्या मोडीत, शाळेची पुस्तके बाळबोधीत आणि अलीकडची पहाणी कन्नडमध्ये, असा प्रकार आढळतो. निजामाच्या राजवटीत सरकारी कारभार आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चाले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. पुढे व्यवहारातली मोडीही मावळली. ट्रंक एकच राहिली, पण तिच्यातले सर्व कागद वाचू शकेल असा माणूस घरात उरला नाही.

योगायोग असा की, त्याच १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांचे ते धूड जेमतेम पन्नास लाख अक्षरे साठवू शकत असे. आमच्या शाळेच्या कपाटातली डिस्क तळहातावर मावणारी होती, आणि तिच्यात आमच्या भागाचा एक तुकडा होता.

१९९८ साली आम्ही काही शिक्षक गावोगाव हिंडलो. रझाकारांचा काळ पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी वह्यांत उतरवून घेतल्या आणि शाळेतल्या एकुलत्या संगणकावर टंकलिखित केल्या. एका पावसाळ्यात छत गळून वह्यांचा लगदा झाला. संगणक बंद पडला, तेव्हा कोणीतरी शहाणपणाने त्यातली डिस्क काढून फडक्यात गुंडाळून ठेवली. पुढे आठवणी सांगणारे एकेक करून गेले. काही वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थिनी मजकडे आली. ‘सर, आमच्या आजोबांनी तुम्हांला काय सांगितलं होतं?’ असे तिने विचारले. मजपाशी उत्तर नव्हते. फडक्यातली डिस्क होती.

कलबुर्गीच्या बाजारातून मी पहिला ॲडॅप्टर आणला, तो बसेचना. तो २००३ नंतर रूढ झालेल्या साटा पद्धतीचा, अरुंद खाचेचा होता. आमची डिस्क त्याआधीच्या आयडीई पद्धतीची, चाळीस पिनांच्या दोन रांगांची. दुसरा आणला, त्यात चव्वेचाळीस छिद्रे होती. तो लॅपटॉपमधल्या लहान डिस्कसाठी. त्या डिस्कला वीजही त्याच पिनांतून मिळते. टेबलावरच्या संगणकाच्या मोठ्या डिस्कला पाच व्होल्टबरोबर बारा व्होल्टही लागतात, आणि यूएसबीच्या साध्या तारेतून पाचच येतात. तेव्हा चाळीस पिनांचा आणि वीजपुरवठ्याचे स्वतंत्र चार पिनांचे तोंड असलेला ॲडॅप्टर हवा, हे कळायला तीन फेऱ्या झाल्या. डिस्कच्या पाठीवरची इवलीशी जंपर पट्टीही ‘मास्टर’च्या जागी बसवावी लागली. मग आत घरघर सुरू झाली.

संगणकाने तत्काळ विचारले, ‘ही डिस्क फॉरमॅट करू का?’ होकार देण्यास बोट पुढे सरकलेच होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हात धरला. आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची, मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही आणि पुढचे सारे काम प्रतीवर करायचे, हा त्याचा नियम. जुन्या पोथीवर शाईने खुणा करू नयेत, असे गुरुजी म्हणत. तीच ही शिस्त.

धारिका उघडल्या, तर समोर रोमन अक्षरांची नुसती खिचडी! त्या काळी मराठी फाँटांच्या आखणीत एकवाक्यता नव्हती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. तरी अनेक फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. तो फाँट नसला की मजकूर मुका. म्हणजे एक ॲडॅप्टर तारेचा, तर दुसरा लिपीचा. अक्षरांचा तक्ता जुळवून रूपांतर करण्यात तीन महिने गेले.

बहुतेक आठवणी परत मिळाल्या. त्या मुलीच्या आजोबांची मात्र अर्धीच. उरलेला भाग डिस्कच्या खराब झालेल्या जागी होता. कुटुंब सरहद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूस गेले, त्या रात्री वडिलांनी सावकारीच्या वह्या धान्याच्या पेवात पुरल्या आणि परतल्यावर उकरून काढल्या, एवढे त्यात आहे. पुढचे वाक्य अर्ध्यावर तुटते. हे वाचून ती म्हणाली, ‘त्या वह्या घरी आहेत सर. पण मोडीत आहेत. आमच्यात कुणालाच वाचता येत नाहीत.’

मित्रहो, पेवाने वह्या राखल्या, फडक्याने डिस्क राखली. राखणदार चुकला नाही. वाचणारा आणि वाचायचे ते यांमधला दुवा तुटला. कागद हरवल्याचा शोक आपण करतो, पण दुवा हरवल्याची वार्ताही कोणाला लागत नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपापल्या घरच्या ट्रंका एकदा उघडा. ज्याला उर्दू येते त्याने उर्दू कागद वाचून द्यावेत, ज्याला कन्नड येते त्याने कन्नड. मोडीचा वर्ग शाळेने सुरू करावा, पहिला विद्यार्थी म्हणून माझे नाव लिहून घ्यावे. संगणकावरचा मजकूर दर काही वर्षांनी नव्या साधनावर, नव्या लिपिव्यवस्थेत उतरवावा आणि एक छापील प्रतही ठेवावी.

तो तिसरा ॲडॅप्टर मी शाळेच्या कपाटात डिस्कशेजारीच ठेवला आहे. सोबत एक चिठ्ठी आहे : हा कशासाठी, कसा जोडावा आणि काय करू नये. चिठ्ठी मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत लिहिली आहे.