आकाशमार्ग घाटावरून, लोहमार्ग घाटाखालून

बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानसेवेचा विमानतळ नाही. तरीही मुंबई आणि नागपूर येथील विमानतळांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा चिखली आणि मेहकर यांच्या दरम्यान, म्हणजे जिल्ह्याच्या घाटावरच्या (अजिंठ्याच्या डोंगरांवरील) भागातूनच जाते. ही रेषा महावृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या वर्तुळाचा, एक तुकडा असून तिची लांबी सुमारे 680 किलोमीटर भरते, तर लोहमार्गाने हेच अंतर 837 किलोमीटर होते. या तफावतीमागे सह्याद्री आणि अजिंठ्याचे डोंगर आहेत, तसाच वऱ्हाडचा कापूसही आहे.

1853 साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, तेव्हा येथील कापूस बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून मुंबईला पोहोचण्यास कित्येक आठवडे लागत आणि वाटेत धूळ नि पाऊस यांनी त्याची प्रत उतरे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडात रेल्वे आली असे सर्रास लिहिले जाते, परंतु तिची आखणी त्या युद्धापूर्वीच झाली होती. युद्धाने वाढवली ती निकड. थळ घाट चढून भुसावळमार्गे आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी घाटाखालून पुढे सरकली आणि 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. खामगावची कापूसपेठ मात्र मुख्य मार्गापासून थोडी बाजूला पडली, म्हणून जलंबहून तेथपर्यंत जेमतेम 13 किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला, आणि एवढ्याशा फाट्याच्या उद्घाटनाला 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, यावरून त्या कापसाची किंमत कळते. थंड हवेचे बुलढाणा जिल्ह्याचे मुख्यालय झाले खरे, पण रेल्वेविना राहिले.

आकाशमार्गाला असे वळण घेण्याचे कारण नव्हते. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परतत. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडणाऱ्या डाकोटा विमानाला मुंबईहून नागपूरला अडीच तासांहून थोडा अधिक वेळ लागे. आजचे जेट विमान सुमारे दीड तास घेते, आणि त्यातही धावपट्टीपर्यंत जाण्याचा व उतरण्यासाठी घिरट्या घालण्याचा वेळ मोडतो. मात्र हा दीड तास बुलढाण्याच्या प्रवाशाच्या हिशेबात बसत नाही, कारण विमान गाठण्यासाठी त्याला आधी रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवरचा चिकलठाणा विमानतळ गाठावा लागतो.

मेहकर आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतून जाणारा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी असा 11 डिसेंबर 2022 रोजी आणि संपूर्णपणे जून 2025 मध्ये खुला झाला. त्याची 701 किलोमीटरची लांबी हवाई अंतराच्या इतकी जवळ आहे की घाटावरचा रस्ता घाटाखालच्या रेल्वेहून सव्वाशेहून अधिक किलोमीटरने आखूड ठरला. खामगावचा फाटा मात्र पुढे जालन्यापर्यंत नेण्याची जुनी मागणी अद्याप मागणीच आहे.