घोडीची प्रसूत्युत्तर अवस्था

घोडी व्याल्यापासून तिचे गर्भाशय आकाराने, पेशीरचनेने आणि कार्याने पूर्ववत होईपर्यंतच्या काळास घोडीची प्रसूत्युत्तर अवस्था असे म्हणतात. हा काळ साधारणतः तीन ते चार आठवड्यांचा असतो. या काळात गर्भाशय आकुंचन पावते, प्रसूतीच्या वेळी आत शिरलेल्या जिवाणूंचा निचरा होतो आणि गर्भाशयाच्या अंतःस्तराची पुनर्रचना होते. घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा असतो. त्यामुळे दरवर्षी एक शिंगरू मिळावयाचे असल्यास तिने व्याल्यानंतर सुमारे २५ दिवसांत पुन्हा गाभण राहणे आवश्यक ठरते. अश्वपैदाशीत या अवस्थेला महत्त्व येते ते या अल्प मुदतीमुळे.

वारेची रचना

घोडीची वार गर्भाशयाच्या जवळजवळ संपूर्ण आतील पृष्ठभागाला सूक्ष्म अंकुरांच्या गुच्छांनी चिकटलेली असते. गाय, म्हैस, शेळी यांच्याप्रमाणे ती ठरावीक गाठींपुरती जोडलेली नसते. शिवाय हे अंकुर मातेच्या ऊतींमध्ये खोलवर शिरत नाहीत. त्यामुळे वार सुटताना अंतःस्तराची फारशी हानी होत नाही आणि रक्तस्रावही बेताचाच होतो. घोडीचे गर्भाशय गायीच्या तुलनेत लवकर पूर्ववत होण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

वार पडणे

शिंगरू बाहेर आल्यानंतर वार सामान्यतः ३० मिनिटे ते ३ तासांत पडते. ३ तासांनंतरही ती न पडल्यास ‘वार अडकली’ असे समजून तातडीने पशुवैद्यकास बोलावणे आवश्यक असते. गायीमध्ये वार १२ ते २४ तास राहिली तरी तेवढ्याने जिवाला धोका होईलच असे नाही. घोडीमध्ये मात्र इतका विलंब प्राणघातक ठरू शकतो.

पडलेली वार जमिनीवर पसरून तपासली जाते. गर्भाशयाच्या दोन शृंगांशी जुळणारे तिचे दोन्ही भाग टोकापर्यंत अखंड असणे महत्त्वाचे असते. गर्भ नसलेल्या शृंगाच्या टोकाशी असलेला वारेचा पातळ भाग तुटून आत राहण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि एवढा लहान तुकडाही गंभीर संसर्गास पुरेसा ठरतो.

गर्भाशयाची पुनर्रचना

प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या प्रभावाने गर्भाशयाचे स्नायू वारंवार आकुंचन पावतात. शिंगरू कासेला लागले की हे संप्रेरक अधिक स्रवते. या आकुंचनांमुळे रक्त, द्रव आणि मृत पेशी यांचा स्राव बाहेर पडतो. हा स्राव तांबूस-तपकिरी व दुर्गंधरहित असून सुमारे एक आठवड्यात थांबतो. स्रावाला दुर्गंध येणे किंवा तो पूसारखा होणे हे संसर्गाचे लक्षण मानले जाते.

अंतःस्तरावरील वारेच्या संपर्काच्या खुणा सुमारे एका आठवड्यात नाहीशा होतात आणि ग्रंथींची रचना दोन आठवड्यांच्या सुमारास पूर्ववत होते. गर्भ धारण केलेले शृंग मूळ आकारास येण्यास मात्र तीन ते चार आठवडे लागतात. मोकळे फिरणे व हलका व्यायाम यांमुळे स्रावाचा निचरा होण्यास मदत होते.

रोगप्रतिकार यंत्रणा

प्रसूतीच्या वेळी गर्भाशयात जिवाणू शिरणे ही अपवादात्मक नव्हे, तर नेहमीची बाब आहे. बहुतेक निरोगी घोड्या हा संसर्ग औषधांविना काही दिवसांत दूर करतात. या कामी तीन यंत्रणा उपयोगी पडतात :

१. भौतिक अडथळे : योनिद्वार (निरण), योनिमार्गाच्या सुरुवातीची घडी आणि गर्भाशयमुख हे तीन अडथळे हवा, शेण व जिवाणू यांना बाहेरच रोखतात. प्रसूतीत ते ताणले किंवा फाटले जाऊ शकतात.

२. पेशीय प्रतिकार : न्यूट्रोफिल या श्वेत रक्तपेशी गर्भाशयाच्या पोकळीत उतरून जिवाणूंचे भक्षण करतात. प्रतिपिंडे व रक्तरसातील पूरक प्रथिने त्यांना साहाय्य करतात.

३. निचरा : स्नायूंची आकुंचने व लसीकावाहिन्या द्रव, मृत जिवाणू आणि वापरलेल्या पेशी बाहेर काढतात.

यांपैकी निचरा निर्णायक मानला जातो. दाह हा संरक्षणाचाच भाग असला, तरी तो वेळेत शमणे आवश्यक असते. द्रव साचून राहिला तर दाह टिकून राहतो आणि गर्भाला प्रतिकूल ठरतो. वयस्क, अनेकदा व्यालेल्या व गर्भाशय उदरात खाली ओघळलेल्या घोड्यांमध्ये हा धोका अधिक असतो. अशा संसर्गांत ‘स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस’ आणि ‘एश्चेरिकिया कोलाय’ हे जिवाणू वारंवार आढळतात.

प्रसूतीनंतरचा पहिला माज

घोडी व्याल्यानंतर सुमारे ५ ते १२ दिवसांत पुन्हा माजावर येते. या माजास इंग्रजीच्या अनुकरणाने ‘फोल हीट’ असेही म्हणतात. बीजविमोचन सरासरी दहाव्या दिवसाच्या आसपास होते. या माजात भरवलेल्या घोड्या गाभण राहण्याचे प्रमाण पुढील माजांपेक्षा कमी असते.

याचे स्पष्टीकरण कालगणनेत सापडते. फलित बीज बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरण्यास सुमारे ६ दिवस लागतात. दहाव्या दिवशी किंवा त्यानंतर बीजविमोचन झाल्यास ते सोळाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात पोहोचते. तोपर्यंत अंतःस्तर बहुधा सावरलेला असतो. बीजविमोचन आठवड्याभरातच झाल्यास ही संधी मिळत नाही. म्हणून प्रसूती सुरळीत झाली असेल, वार वेळेवर पडली असेल आणि अल्ट्रासाउंड तपासणीत गर्भाशयात द्रव नसेल, तरच या माजात घोडी भरवण्याचा सल्ला दिला जातो. अन्यथा हा माज सोडून देतात आणि बीजविमोचनानंतर ५ ते ६ दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन देऊन पुढील माज लवकर आणता येतो.

याच सुमारास अनेक शिंगरांना सौम्य जुलाब होतात. पूर्वी त्याचे कारण मातेच्या दुधातील बदल हे मानले जाई. परंतु मातेविना वाढवलेल्या शिंगरांतही ते आढळतात. त्यामुळे आता त्यांचा संबंध शिंगराच्या आतड्यातील बदलांशी जोडला जातो.

प्रमुख विकार

वार अडकणे : अडकलेली वार कुजू लागल्यास तीव्र गर्भाशयदाह होतो. जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात मिसळून ताप, सुस्ती आणि खुराच्या आतील थराचा दाह (लॅमिनायटिस) उद्भवतो. घोडी त्यातून वाचली तरी कायमची लंगडी होऊ शकते. उपचारात ऑक्सिटोसिन, प्रतिजैविके, दाहशामक औषधे आणि गर्भाशय धुणे यांचा समावेश असतो. लोंबणारी वार घोडीच्या पायाखाली येऊ नये म्हणून वर बांधून ठेवतात. ती ओढून काढणे धोक्याचे असते; त्यामुळे तुकडा आत राहणे, रक्तस्राव होणे किंवा गर्भाशय उलटून बाहेर येणे असे प्रकार घडतात.

रक्तस्राव : गर्भाशयाची धमनी फाटणे हा विशेषतः वयस्क घोड्यांत आढळणारा घातक विकार आहे. पोटदुखीसारखी अस्वस्थता, घाम व पांढुरक्या हिरड्या ही त्याची लक्षणे होत.

योनिद्वाराचे दोष : योनिद्वार तिरपे किंवा सैल असल्यास हवा व मलकण आत जातात. त्यावर योनिद्वाराचा वरचा भाग शिवून घेण्याची शस्त्रक्रिया केली जाते. अमेरिकी पशुवैद्यक कॅस्लिक यांनी १९३७ मध्ये तिचे वर्णन केले. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हे टाके प्रसूतीपूर्वी उघडावे लागतात, नाहीतर ऊती फाटतात.

माता आणि शिंगराची प्रतिकारशक्ती

वारेच्या रचनेमुळे मातेची प्रतिपिंडे गर्भाला मिळत नाहीत. शिंगरू जवळजवळ प्रतिपिंडांविना जन्मते आणि सर्वस्वी चिकावर अवलंबून असते. आतड्यातून प्रतिपिंडे शोषली जाण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असून सुमारे २४ तासांत संपते. त्यानंतर शिंगराच्या १ डेसिलिटर रक्तरसात ‘आयजीजी’ प्रतिपिंडांचे प्रमाण ८०० मिलिग्रॅमहून अधिक असणे समाधानकारक समजले जाते. चिकात पुरेशी प्रतिपिंडे उतरावीत म्हणून गाभण घोडीस धनुर्वातासारख्या रोगांच्या लसी विण्यापूर्वी ४ ते ६ आठवडे दिल्या जातात. विण्याआधीच चीक गळून गेल्यास शिंगराला दुसऱ्या घोडीचा साठवलेला चीक किंवा रक्तरस द्यावा लागतो.

भारतातील संदर्भ

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे वय उत्तर गोलार्धात १ जानेवारीपासून मोजले जाते. वर्षाच्या आरंभी जन्मलेले शिंगरू आपल्या वयोगटात थोरले ठरत असल्याने घोडी लवकर भरवण्याकडे पैदासकारांचा कल असतो. महाराष्ट्रात पुणे परिसरात थरोब्रेड पैदास केंद्रे आहेत. १९४६ मध्ये स्थापन झालेले पूनावाला यांचे केंद्र त्यांपैकी एक होय. मारवाडी व काठियावाडी या देशी जातींच्या घोड्या मात्र पुष्कळदा शेतकरी व हौशी पालकांकडे असतात. तेथे अल्ट्रासाउंड यंत्र उपलब्ध नसले, तरी वार पडल्याची वेळ नोंदवणे, ती अखंड आहे का हे पाहणे, पहिले काही दिवस घोडीचा ताप मोजणे आणि स्रावाच्या वासाकडे लक्ष ठेवणे या साध्या उपायांनी बहुतेक गंभीर विकार वेळेत ओळखता येतात.