जुन्या बंदुकीचा सौदा

स्वस्तात मिळालेल्या जुन्या वस्तूचे आपल्याला मोठे अप्रूप असते. घासाघीस करून घेतलेला तांब्याचा हंडा, कुणाच्या वाड्यातून निघालेला सागवानी पलंग, भंगाराच्या ढिगातून उचललेले वजनकाटे यांचे भाव आपण आल्यागेल्याला कौतुकाने सांगतो. नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. अंबड-सातपूर जोडरस्त्यावर वर्षानुवर्षे भंगाराचा मोठा बाजार भरत होता. महापालिकेने २०१७ मध्ये तो हटवला, पण लोखंडाच्या ढिगात चीज शोधण्याची खोड त्यामुळे गेली नाही. अशा जुन्या चिजांमध्ये सर्वांत मोहक आणि सर्वांत अवघड वस्तू म्हणजे ठासणीची बंदूक. तिचा सौदा आपल्या मुलखात तीन-चारशे वर्षे चालत आला आहे आणि त्यात आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे. म्हणून या सौद्याचा इतिहास आपणच एकदा नीट मांडून पाहावा, असे आम्हाला वाटते.

सुरुवात शब्दांपासून करू. बंदूक हा शब्द अरबीतून आला. 'बुंदुक' म्हणजे कठीण कवचाचे एक लहान फळ, त्यावरून गोळी आणि गोळीवरून ते हत्यार. तोफ तुर्कीतून आली. दारू हा फारसी शब्द, मूळ अर्थ औषध. गोलंदाज म्हणजे गोळा फेकणारा. हे शब्द मराठीत इतके मुरले की ते बाहेरचे आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. जी माणसे हे शब्द घेऊन आली किंवा ज्यांनी इथेच हे काम उचलले, त्यांची आडनावे आजही आपल्या मोहल्ल्यांत आहेत. गोलंदाज, बाणदार, बारगीर, शिकलगार ही ती आडनावे. शिकलगार हा पात्यांना पाणी देणारा, धार लावणारा, हत्यार उजळणारा कारागीर. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ओतली गेली. ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराचे नाव तोफेवरच कोरलेले आहे. हत्यार घडवणारी माणसे या मातीत होती, याची ही साक्ष आहे.

मग आपल्या राज्यकर्त्यांना बाहेरून हत्यारे विकत का घ्यावी लागली? उत्तर सरळ आहे. एक उत्तम तोफ ओतणे वेगळे आणि एकाच मापाच्या हजारो बंदुका दरसाल घडवणे वेगळे. पहिल्याला उस्ताद लागतो, दुसऱ्याला कारखाना. शिवाजी महाराजांनी १६७३ साली सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा आणि बंदुकांसाठी शिसे विकत घेतल्याची नोंद आहे. इंग्रज व्यापारी हत्यारे द्यायला टाळाटाळ करत, म्हणून महाराजांनी दुसरे दार ठोठावले. टोपीकरांच्या आपसातल्या स्पर्धेचा असा फायदा घेणे हे शहाणपणच होते.

अठराव्या शतकात हा बाजार वाढला. तोड्याच्या म्हणजे जामगीच्या बंदुकीची जागा चकमकीची बंदूक घेऊ लागली. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात सांभाळावी लागे, पावसात ती विझे आणि रात्री शत्रूला दिसे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे आणि रंजक पेटे. कवायती शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढू लागला. ही कवायत दख्खनमध्ये रुजवली ती फ्रेंच सेनानी बुसीने. त्याच्या तालमीत तयार झालेले इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे होते, नंतर पेशव्यांकडे आले. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला त्यांच्या पलटणींनी मराठ्यांच्या बाजूने आपला कस दाखवला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांनी रोहिल्यांच्या फळीला खिंडार पाडले. अखेर जखमी होऊन ते हाती सापडले. शुजाउद्दौलाने त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि अब्दालीच्या छावणीत त्यांचा अंत झाला. समोरचा पक्ष धर्माने त्यांचाच होता, तरी ज्याचे मीठ खाल्ले त्याची बाजू त्यांनी सोडली नाही.

पण 'गारदी' हा शब्द मराठीत कोणत्या अर्थाने उरला? मारेकरी या अर्थाने. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्या एका दुपारने सगळ्या गारद्यांचे नाव काळवंडले. त्या कटाचा एक म्होरक्या सुमेरसिंग होता, मुहम्मद युसूफही होता आणि खरगसिंगही होता. गारदी हे जातीचे नाव नव्हते, नोकरीचे नाव होते. 'गार्द' या फ्रेंच शब्दावरून ते आले. एका दुपारीसाठी पानिपतचा अख्खा दिवस विसरणे हा इतिहासाशी केलेला महागडा सौदा आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

आता जुन्या मालाकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत ज्या बंदुका झिजून बाद ठरत, त्या देशी दरबारांकडे वाट काढत. दरबाराला त्या नव्यापेक्षा स्वस्त पडत आणि कंपनीच्या भंगाराचे पैसे होत. वरवर दोघांचाही फायदाच. पण झिजलेल्या नळीतून गोळी सैल जाते, दारूचा जोर बाजूने निसटतो आणि चकमकीचा घोडा ऐन वेळी दगा देतो. विकणाऱ्याच्या हातात नवी बंदूक असते आणि घेणाऱ्याच्या हातात त्याचीच टाकलेली. हे दोघे उद्या रणांगणात समोरासमोर आले तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

हे ओळखणारेही आपल्याकडे होते. श्रीरंगपट्टणमला टिपू सुलतानाने चकमकीच्या बंदुकांचे कारखाने काढले. महादजी शिंद्यांच्या द बॉइनने उभारलेल्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली बंदुका घडू लागल्या. विलायती तोडीची एक बंदूक दहा रुपयांना पडे, अशी नोंद आहे. घरी घडवलेली चांगली वस्तू बाहेरच्या बाद मालापेक्षा स्वस्त पडू शकते, हे त्या दहा रुपयांनी दाखवून दिले. पण १८०३ साली सप्टेंबरात असईला शिंद्यांच्या पलटणी मोडल्या आणि ऑक्टोबरात आग्र्याचा किल्ला लेकच्या हाती पडला.

आपल्या नाशिक जिल्ह्यात या कहाणीचा एक मोठा अध्याय मालेगावात घडला. नारोशंकर राजेबहादूरांनी बांधलेल्या भुईकोट किल्ल्यात १८१८ च्या मे महिन्यात अरब शिपाई कोंडून लढत होते. पेशवाई तोवर संपत आली होती. लढणाऱ्यांकडे लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका होत्या, समोर कंपनीच्या तोफा होत्या. तरी जवळजवळ महिनाभर तो किल्ला पडला नाही. कंपनीची दोनशेहून अधिक माणसे ठार-जखमी झाली. शेवटी नव्याने आणलेल्या तोफांच्या माऱ्याने किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले, तटाला भगदाड पडले आणि जूनच्या मध्यावर अरबांनी हत्यारे खाली ठेवली. जुनी बंदूक चांगल्या तटाआड आणि जिवावर उदार माणसाच्या हातात असेल तर किती काळ तग धरते, हे मालेगावने दाखवले. आणि ती कुठे कमी पडते, तेही दाखवले.

पुढचा बदल बंदुकीच्या नळीच्या आत झाला. आतून मळसूत्री आटे पाडलेली नळी गोळीला फिरकी देते, त्यामुळे गोळी लांब आणि सरळ जाते. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ठासणीचीच होती, पण आट्यांची. तिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात भागोजी नाईकाच्या नेतृत्वाखाली भिल्ल उठले आणि ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळ पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. उठाव मोडल्यावर सरकारने धडा घेतला तो असा. देशी शिपायांना आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या आणि रयतेची हत्यारे काढून घेतली. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले, मात्र युरोपियनांना त्यातून सूट होती. त्याच वर्षी नाशिकच्या पश्चिमेला पेठ संस्थानच्या बेगम वारल्या आणि ते छोटे मुस्लिम संस्थान खालसा झाले. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. या कायद्यात बदल करावा असा ठराव त्या अधिवेशनाने केला. त्याचे म्हणणे हत्यारांच्या हौसेचे नव्हते, बरोबरीचे होते. एकाच रस्त्याने चालणाऱ्या दोघांपैकी एकाच्या खांद्यावर बंदूक चालते आणि दुसऱ्याच्या चालत नाही, हा अपमान त्या पिढीला बोचत होता.

या कायद्याचा फटका आणखी एका वर्गाला बसला. गावोगावचे बंदूक दुरुस्त करणारे, दारू कुटणारे, हत्यार उजळणारे कारागीर एकदम रिकामे झाले. शिकलगाराच्या सहाणेवर तलवारीऐवजी सुऱ्या-कात्र्या आल्या. हुन्नर मेले नाही, पण त्याला मोठे काम उरले नाही. लोखंडाला अचूक भोक पाडण्याची विद्या पुढे आपल्याकडे परतली ती कारखान्यांच्या मार्गाने. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा, कारखाना डिझेल इंजिनांचे इंधन-फवारे बनवतो. केसाहून बारीक भोकाची तिथली करामत आणि बंदुकीची नळी कोरणाऱ्या उस्तादाची करामत या एकाच घराण्याच्या आहेत. फरक इतकाच, की या भोकातून माणूस मारायची गोळी जात नाही, ट्रॅक्टर चालवणारे इंधन जाते. आयटीआय करून लेथवर उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलांनी हा वारसा आपला मानावा.

आणि आज? ठासणीची बंदूक अजून नाहीशी झालेली नाही. कोकणात रानडुकरे आणि माकडे बागायतीची नासाडी करतात, तिथे शेतकऱ्याच्या घरी ती परवान्याने टांगलेली असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक-रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद नावानिशी आहे. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. नेमके तेव्हाच पीक उभे असेल तर शेतकरी हवालदिल होतो.

शोभेसाठी किंवा संग्रहासाठी कुणाला जुनी बंदूक घ्यावीशी वाटली, तर इतिहासाने शिकवलेल्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ती भरलेली आहे असे समजूनच वागावे. गज नळीत पूर्ण सोडून तोंडाशी खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. खूण कानापर्यंत पोहोचत नसेल तर आत जुना बार असू शकतो. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेटते. असा बार काढण्याचे काम जाणकाराचेच, आपले नव्हे. दुसरी, खुणा पाहाव्यात. कंपनीच्या बंदुकीवर आधी हृदयाच्या आकाराची चौकटीची खूण असे, १८०८ नंतर सिंहाची आली. पण खुणा खोट्याही मारतात. खूण नवी आणि भोवतीचा गंज जुना असेल तर सौदा तिथेच सोडावा. तिसरी, नळीच्या आत प्रकाश टाकून गंजाचे खड्डे पाहावेत. दस्ता, घोडा आणि नळी एकाच बंदुकीची आहेत का, हेही पाहावे. चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट कायद्याची. मोडकळीला आलेली, दुरुस्त करूनही चालू न शकणारी जुनी बंदूक तेवढी परवान्याच्या कचाट्यातून सुटते. चालू शकणारी असेल तर ती कितीही जुनी असो, परवाना हवाच. परवानाधारकालाही आपली बंदूक विकण्याआधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याखालीही येते आणि परदेशी पाठवता येत नाही. ज्या सौद्यात विकणारा कागद दाखवत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी महाग पडतो. आपल्या वस्तीत तर फारच महाग पडतो. घरातल्या एका गंजलेल्या नळीचा अर्थ बाहेर काय लावला जाईल, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

जुन्या हत्यारांचे सौदे अजून जगभर होतात. २००३ साली नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून पन्नास हजारांवर जुन्या बंदुका अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि हौशी संग्राहकांना विकल्या. त्यांत कंपनीच्या काळातल्या चकमकीच्या बंदुकाही होत्या. ज्या नळ्यांनी एकेकाळी राज्ये उलथवली, त्या आता दिवाणखान्यात टांगायला गेल्या. त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. बंदुकीला भिंतीवरच शोभा आहे. मात्र ती टांगणाऱ्याला तिची कथा ठाऊक असावी. कुणी घडवली, कुणी बाद ठरवली, कुणी ती स्वस्तात घेतली आणि त्या स्वस्ताईची किंमत कुणी मोजली, एवढे तरी. गोलंदाज आणि शिकलगार आडनावांच्या घरांत तर ही कथा मुलांना सांगितलीच पाहिजे. बंदूक नसली तरी चालेल, तिचा हिशेब आपल्याकडे असावा.