पॅरिसचा पहिला महापौर आणि व्हर्सायचे स्मारक

नगराच्या पहिल्या महापौराचे स्मारक उभारले गेले म्हणजे त्याचे महापौरपदच स्मरणात राहिले, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. पॅरिसचा पहिला महापौर झाँ सिल्व्हाँ बायी (१७३६–१७९३) याच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. त्याचा एक प्रसिद्ध पुतळा पॅरिसमध्ये नसून व्हर्साय येथील टेनिस कोर्टच्या सभागृहात आहे. आणि तो महापौराचा नसून राष्ट्रसभेच्या अध्यक्षाचा आहे. हा भेद कसा उत्पन्न झाला, याचा विचार स्मारकांकडे साधन म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकास उपयुक्त ठरेल.

बायी हा मूळचा ज्योतिर्विद होय. फ्रान्समधील तिन्ही प्रमुख अकादमींचे सदस्यत्व लाभलेल्या मोजक्या विद्वानांत त्याची गणना होते. १७८७ मध्ये त्याने भारतीय व पौर्वात्य ज्योतिषावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कलियुगारंभाच्या, म्हणजे इ. स. पू. ३१०२ च्या, ग्रहस्थिती प्रत्यक्ष वेधांवर आधारलेल्या आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. लाप्लासने पुढे ते अमान्य केले. त्या स्थिती उत्तरकाळी मागे गणित करून काढल्या असाव्यात, असे त्याचे मत होते.

१७८९ मध्ये बायी पॅरिसच्या तृतीय वर्गाचा प्रतिनिधी म्हणून व्हर्सायला गेला. २० जून रोजी सभागृह बंद आढळल्यावर प्रतिनिधी टेनिस कोर्टमध्ये जमले आणि राज्यघटना सिद्ध होईपर्यंत न पांगण्याची शपथ त्यांनी घेतली. अध्यक्ष या नात्याने ती प्रथम बायीने घेतली. १४ जुलै रोजी बास्तीय पडला; जुन्या नगरव्यवस्थेचा प्रमुख फ्लेसेल त्याच दिवशी मारला गेला. दुसऱ्या दिवशी बायीला महापौर म्हणून घोषित करण्यात आले. ‘पहिला महापौर’ या पदवीत म्हणूनच एका जुन्या अधिकारपदाचा हिंसक अंतही सामावलेला आहे.

पुढील दोन वर्षे धान्यपुरवठा आणि शांतता या दोन प्रश्नांनी महापौराचा कारभार व्यापला. लुई सोळावा याच्या पलायनानंतर १७ जुलै १७९१ रोजी शां द मार्स येथे राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करण्यासाठी लोक जमले. लष्करी कायद्याचा निदर्शक असा तांबडा ध्वज फडकवून बायी तेथे गेला आणि राष्ट्ररक्षक दलाने गोळीबार केला. मृतांच्या संख्येविषयीचे अंदाज बारा-तेरापासून सुमारे पन्नासापर्यंत जातात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पेत्यों हा त्याच्या जागी निवडून आला. १२ नोव्हेंबर १७९३ रोजी बायीला गिलोटिनवर चढविण्यात आले. शां द मार्सची भूमी त्याच्या रक्ताने विटाळू नये म्हणून गिलोटिन तेथून हलवून जवळच्या खंदकात उभारण्यात आले, आणि तोच तांबडा ध्वज त्याच्यासमोर जाळण्यात आला.

आता स्मारकांकडे वळावे. २० जून १७९० रोजी, शपथेच्या पहिल्या वर्षदिनी, रोम याच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मंडळाने टेनिस कोर्टमध्ये शपथेचा कांस्यफलक बसविला. तो एका कृत्याचा गौरव होता, व्यक्तीचा नव्हे. १७९१ मध्ये प्रदर्शित झालेल्या दाविदच्या रेखाचित्रात मात्र मेजावर उभा असलेला बायी मध्यभागी आहे. त्यावरून योजलेले भव्य चित्र पूर्ण झाले नाही. इतर कारणे होतीच. परंतु चित्रातील अनेक वीर अल्पावधीतच देशद्रोही ठरले होते, हेही विसरता येत नाही. फलक लागल्यानंतर ९३ वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याच सभागृहात सां-मार्सो याने घडविलेला बायीचा पुतळा उभारण्यात आला. येथेही बायी उभा आहे तो शपथेच्या क्षणी. तांबड्या ध्वजाला या सभागृहात स्थान नाही.

ही निवड समजण्यासाठी १८८३ ची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. १८७१ च्या कम्यूननंतर तिसऱ्या प्रजासत्ताकाने पॅरिसला महापौर ठेवलाच नव्हता. नगराचा कारभार राज्याने नेमलेल्या प्रीफेक्टच्या हाती होता, आणि ही स्थिती १९७७ पर्यंत टिकली. तत्कालीन पंतप्रधान ज्यूल फेरी हा १८७०–७१ मध्ये स्वतः पॅरिसचा महापौर होता. अशा शासनास संसदेचा जनक म्हणून बायी सोयीचा होता. नगराचा स्वायत्त प्रमुख, आणि त्यातही जमावावर गोळीबार घडविणारा प्रमुख, म्हणून तो दोन्ही बाजूंनी अडचणीचा होता. हे अनुमान आहे. तथापि स्मारकाचे स्थळ, काळ व त्याने निवडलेला प्रसंग ही तिन्ही त्यास अनुकूल आहेत.

लाप्लासने बायीच्या ग्रहस्थितींवर घेतलेला आक्षेप बायीच्या स्मारकासही लागू पडतो. १७९० चा फलक घटनेच्या समकालीनांचा, जवळजवळ प्रत्यक्ष वेधच होय. १८८३ चा पुतळा हे मागे केलेले गणित आहे. दोहोंवर तारीख एकच आहे, परंतु पुतळ्यातून १७८९ पेक्षा १८८३ चे ज्ञान अधिक होते. स्मारकावरील तारीख आणि स्मारकाची तारीख यांत हा विवेक केल्यावाचून पहिल्या महापौराविषयी त्याचे स्मारक काय सांगते आणि काय झाकते, याचा निर्णय करता येत नाही.