केतकरांचा ज्ञानकोश आणि आपण

पांडेसऱ्याच्या कापड-छपाईच्या कारखान्यात राबणाऱ्या एखाद्या खानदेशी कामगाराच्या मुलाने वर्गात विचारले की सुवेझचा कालवा कोणाचा, तर उत्तर त्याने आपल्या भाषेत कोठे शोधावे?

ही सोय व्हावी म्हणून अमेरिकेत विद्या संपादून आलेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर झटले. राजाश्रयाची वाट न पाहता, समभाग विकून त्यांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्धीस नेला. त्याच्या पहिल्याच खंडाचे नाव होते ‘हिंदुस्थान आणि जग’.

पुढे वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश आकारास आला. त्यातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते; म्हणजे जाब कोणास विचारावा, हे वाचकास कळते. आज तो भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतो.

परंतु जग थांबत नाही. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तेव्हा सोव्हिएत संघ नांदत होता. १९९१ साली तो उरला नाही. म्हणून तज्ज्ञांनी नोंदी वारंवार नव्याने लिहिल्या पाहिजेत. आणि लिहिताना कारखान्याच्या दाराशी वाढणारा तो मुलगा डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे. त्याला न कळणारे ज्ञान विनामूल्य मिळूनही दूरच राहते.