आईचे पाप नव्हे, कारखान्याचे विष

मूल व्यंग घेऊन जन्माला आले की आपल्याकडे आधी आईकडे बोट दाखवले जाते. ग्रहण पाळले नसेल, मागच्या जन्मीचे पाप असेल, असे म्हणून विषय मिटवला जातो. आम्हाला हे मान्य नाही. अशा उत्तराने खरे कारण झाकले जाते आणि गुन्हेगार मोकळा सुटतो. जपानमधील मिनामाताचा इतिहास आपण त्यासाठी वाचला पाहिजे.

समुद्रकाठच्या या गावात चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनत असे. त्यात पारा वापरला जाई आणि सांडपाण्यातून मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचे विषारी रूप समुद्रात जाई. तेथून ते माशांत आणि माशांतून माणसांत आले. हातपाय थरथरणे, बोलणे अडखळणे, नजर आकुंचन पावणे, झटके येणे. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. सर्वाधिक मार बसला तो रोज मासे खाणाऱ्या गरीब कोळी कुटुंबांना. रोग संसर्गजन्य समजून शेजाऱ्यांनी त्यांनाच वाळीत टाकले.

त्याच घरांत जन्मतःच मेंदूला इजा झालेली मुले दिसू लागली. मान धरत नव्हती, बोलत नव्हती. या मुलांनी तर मासे खाल्लेच नव्हते! वार बाळाला विषापासून वाचवते, असे तेव्हाचे वैद्यकशास्त्र मानत होते. आया मात्र सांगत होत्या, ‘मासे आम्ही खाल्ले, विष पोटातल्या बाळाला गेले.’ डॉ. मासाझुमी हारादा यांनी हे म्हणणे गांभीर्याने घेतले. १९६२ मध्ये मृत मुलांच्या शवविच्छेदनाने आयांचेच खरे ठरवले. पुढे जपानी घरांत जपून ठेवलेल्या वाळक्या नाळेच्या तुकड्यांतही पारा सापडला.

हे घडते कसे? मिथाइल मर्क्युरी शरीरातील एका अमिनो आम्लाशी जोडली जाते. शरीर तिला पोषक द्रव्य समजून वारेतून पलीकडे नेते. बाळाच्या रक्तात ती आईच्या रक्तापेक्षाही जास्त साठते आणि घडत असलेल्या मेंदूतील पेशींची वाढ व मांडणी बिघडवते. म्हणून आई बरी दिसते आणि मूल आयुष्यभरासाठी अपंग होते.

कंपनीला हे ठाऊक नव्हते का? कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला दिले. मांजराला तोच रोग झाला. निष्कर्ष दडपला गेला. त्याच डिसेंबरमध्ये पीडितांशी करार झाला. उद्या कारखाना दोषी ठरला तरी जादा भरपाई मागायची नाही, अशी त्यात अट होती. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो करार रद्द ठरवून कंपनीला जबाबदार धरले.

मित्रांनो, पूर्वजन्माच्या पापावर खटला चालत नाही, सांडपाण्यावर चालतो. म्हणून वस्तीत असे मूल जन्मले तर आईच्या नशिबाची चर्चा थांबवा. तिने काय खाल्ले, काय प्यायले, कुठे राबली आणि तिथे विष कोणी सोडले, हे विचारा.