बालअत्याचार अभ्यास : भारत २००७

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा अहवाल. पाहणीचे काम दिल्लीच्या ‘प्रयास’ संस्थेकडे होते. महाराष्ट्र, गोवा, दिल्लीसह १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी बोलणे झाले. त्यांत शाळकरी होती, तशीच कामावर जाणारी, रस्त्यावर राहणारी आणि बालगृहांतलीही. लैंगिक अत्याचाराचा एखादा तरी प्रकार सोसल्याचे ५३.२२ टक्क्यांनी सांगितले. त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्त निघाले. अत्याचार मुलींवरच होतात या समजाला त्याने धक्का दिला. बहुतेकांनी घडलेले कोणालाच सांगितले नव्हते. मात्र अश्लील चित्रे दाखवण्यापासूनचे प्रकार या ५३.२२ टक्क्यांत मोजलेले आहेत, त्यामुळे हा आकडा केवळ बलात्काराचा म्हणून सांगणे चूक. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा ‘पॉक्सो’ कायदा या अहवालानंतर, २०१२ मध्ये झाला.